महाराष्ट्रात आयुर्विमा: हप्ता, नियम आणि दाव्याचे कागद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यात राहणाऱ्याला एक हप्ता आणि गडचिरोलीत राहणाऱ्याला दुसरा, असं असतं का?

नाही. महाराष्ट्राचा म्हणून वेगळा दर नसतो. विमा हा केंद्राचा विषय आहे, नियम ठरवणारं प्राधिकरण (आयआरडीएआय) हैदराबादला बसतं आणि कंपनीचा दर देशभर एकच असतो. एलआयसीचं मुख्यालय 'योगक्षेम' मुंबईत नरिमन पॉइंटला आहे, पण म्हणून मुंबईकराला सवलत नाही. पत्ता पाहून कंपनी एखादी जादा तपासणी मागेल, इतकंच. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं विमा खातं असतं. न्यू जर्सीतल्या भावाने सांगितलेले नियम इथे लागू होत नाहीत ते त्यामुळे.

राज्य येतं ते दाव्याच्या वेळी. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीचा, वारसाचं प्रमाणपत्र इथल्या कोर्टाचं, मुद्रांक इथला, विम्याच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल मुंबई, पुणे किंवा ठाण्याचा. लोक घासाघीस करतात हप्त्यावर, आणि घरचे अडकतात या कागदांवर. म्हणून खाली कागदांबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

मग हप्ता ठरतो कशावर?

वय, स्त्री की पुरुष, तंबाखू, तब्येत, व्यवसाय, विम्याची रक्कम आणि मुदत यांवर. कंपन्यांकडे विमाधारकांच्या मृत्युदराचे तक्ते असतात आणि त्यावरून हिशेब होतो. तिशीतल्या, निर्व्यसनी, नोकरदार पुरुषाला साठीपर्यंतचं १ कोटीचं टर्म कव्हर (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) साधारणपणे वर्षाला दहा ते पंधरा हजारांच्या आसपास पडतं. बायकांना त्याहून कमी. चाळिशीत तेच कव्हर घ्यायला गेलात तर आकडा बराच चढतो, आणि मधल्या काळात साखर किंवा रक्तदाब निघाला तर आणखी. वर्षाचा हप्ता एकदम भरणं हे दरमहा भरण्यापेक्षा एकूण स्वस्त पडतं.

जीएसटी अजून लागतो का?

वैयक्तिक आयुर्विम्यावर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शून्य झाला. त्याआधी टर्म पॉलिसीवर १८ टक्के होता. गट विम्यावर मात्र कर तसाच आहे. कंपनीने नोकरांसाठी काढलेला किंवा बँकेने कर्जदारांसाठी घेतलेला विमा या गटात मोडतो. हप्त्याच्या पावतीवर कर लावलेला दिसला तर आधी पॉलिसी वैयक्तिक आहे की गटाची ते बघा.

आई मशेरी लावते. तेही फॉर्ममध्ये लिहायचं का?

हो. फॉर्मवर बहुधा 'तंबाखूचे कोणत्याही स्वरूपात सेवन' असा प्रश्न असतो. त्यात मशेरी येते, चुना-तंबाखू येते, गुटखाही येतो. 'मशेरी म्हणजे काही व्यसन नव्हे, दातांसाठी असते' हे घरात चालतं, फॉर्मवर चालत नाही. दिवाळीला चार सिगारेटी ओढणाऱ्यानेही हो लिहावं. हप्ता वाढेल, कधी दीडपटीच्या वर जाईल. पण खोटं 'नाही' लिहिलेली पॉलिसी स्वस्तही नसते आणि भरवशाचीही नसते. मृत्यूनंतर दवाखान्याच्या केसपेपरवर डॉक्टरने लिहिलेली एक ओळ कंपनीला पुरते.

हे फॉर्म बहुतेक वेळा एजंट भरतो आणि आपण सही करतो. सही मराठीत असेल किंवा अंगठा असेल, तर मजकूर समजावून सांगितल्याचं वेगळं निवेदन त्यात असतं आणि त्यावर समजावणाऱ्याची सही असते. ते निवेदन न वाचता, कोरंच सोडून सही करून देऊ नका. भरलेल्या फॉर्मची प्रत पॉलिसीसोबत येते. त्यात तब्येतीच्या रकान्यात एजंटने सगळीकडे 'नाही' ठोकून दिलंय का ते बघा, आणि चूक असेल तर लगेच लेखी कळवा.

टर्ममध्ये पैसे परत मिळत नाहीत. मग एंडोमेंट, मनी बॅक (विमा आणि बचत एकत्र असलेल्या योजना) काय वाईट?

वाईट असं नाही, पण महाग आहे आणि ते महाग असणं दिसत नाही. समजा वर्षाला ५०,००० रुपये, २० वर्षं भरले. एकूण १० लाख गेले आणि मुदतीअखेर १७ लाख ३६ हजार मिळाले. ऐकायला छान वाटतं, 'पावणेदोन पट'. व्याजाचा दर काढला तर तो बरोबर ५ टक्के येतो. आणि यात विम्याची रक्कम असते पाच-दहा लाख. कर्त्या माणसाच्या मागे घर एक-दोन वर्षं तरी चालेल का त्यावर?

माझं मत सरळ आहे: ज्याच्यावर कोणी अवलंबून आहे त्याने आधी टर्म घ्यावा आणि मग उरलेले पैसे हवे तिथे टाकावेत. ज्याला बचतीची शिस्तच लागत नाही त्याला एंडोमेंटचा धाक उपयोगी पडतो, हेही खरं आहे.

घेऊन पस्तावलात तर दोन दारं आहेत. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ते दिवस गेले असतील तर सरेंडर, म्हणजे पॉलिसी मधेच मोडणं. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार बचतीच्या नव्या योजनांत एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर वर्ष संपल्यावर काहीतरी परत मिळतं. पूर्वी दोन वर्षं भरल्याशिवाय हात हलवत बाहेर पडावं लागे. तरी भरलेले सगळे पैसे मिळतील या आशेवर राहू नका.

प्राप्तिकराची सूट मिळते म्हणून घ्यावी का?

जुन्या करपद्धतीत गुंतवणुकीच्या दीड लाखाच्या मर्यादेत हप्ता धरता येतो, नव्या पद्धतीत ती वजावट नाही. मुदतीअखेर मिळणारी रक्कम करमुक्त हवी असेल तर १ एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसीत वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांच्या आत असावा लागतो. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या पारंपरिक (बाजाराशी न जोडलेल्या) पॉलिसींचे हप्ते मिळून वर्षाला ५ लाखांवर गेले तरी कर येतो. मृत्यूनंतर मिळणाऱ्या रकमेला या मर्यादा लागत नाहीत.

पॉलिसीवर मुद्रांक शुल्क म्हणून जी ओळ छापलेली असते, ते पैसे कोण भरतं?

कंपनी भरते, म्हणजे आपल्याच हप्त्यातून. विम्याच्या पॉलिसीवरील मुद्रांकाचा दर केंद्र ठरवतं आणि तो हजार रुपयांच्या विम्याला २० पैसे आहे. १ कोटीच्या पॉलिसीला २,००० रुपये. एरवी ही ओळ कोणी वाचत नाही; ३० दिवसांत पॉलिसी परत केली की ती कळते, कारण परताव्यातून मुद्रांक, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे कापले जातात. बाकीचं सगळं परत यायला हवं.

एजंट म्हणतोय, पहिला हप्ता मी भरतो. घ्यावं का?

कायद्याने मनाई आहे, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. तरी आपल्याकडे हे सर्रास चालतं. मार्च महिन्यात तर जास्तच. जो आपलं कमिशन सोडून द्यायला तयार आहे त्याने तुमच्यासाठी योजना निवडली आहे की स्वतःच्या टार्गेटसाठी, एवढा विचार करा.

शेती आहे, आयटी रिटर्न नाही. मोठं कव्हर मिळेल का?

इथे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची खरी अडचण होते. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून रिटर्न भरलेलं नसतं. आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढलेला असतो मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा फी सवलतीसाठी, त्यामुळे त्यावरचा आकडा कमीत कमी. तोच दाखला विमा कंपनीपुढे ठेवला की कंपनी म्हणते, एवढ्या उत्पन्नावर ५० लाखांचं कव्हर कसं द्यायचं?

उपाय असा की दोन-तीन वर्षं रिटर्न भरायला लागा, त्यात शेतीचं उत्पन्न दाखवा. कर बसत नसला तरी कागद तयार होतो. कारखान्याची ऊसबिलं, दूध संघाचे पैसे, बाजार समितीच्या पट्ट्या हे सगळं बँक खात्यातून जाऊ द्या. काही कंपन्या हे धरतात, काही धरत नाहीत. सातबारा जमिनीचा मालक कोण ते सांगतो, उत्पन्न नाही.

पासबुकात दरवर्षी ४३६ रुपये कापलेले दिसतात. ते काय आहे?

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. बँकेत खातं उघडताना कधीतरी सही केलेली असते आणि घरात कोणालाच माहीत नसतं. १८ ते ५० वयात घेता येतो, हप्ता भरत राहिलात तर ५५ पर्यंत चालतो, आणि मृत्यू कशानेही झाला तरी २ लाख मिळतात. वर्ष १ जून ते ३१ मे. नव्याने घेतल्यास पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यू धरला जातो. तीन बँकांत खाती असली आणि तिन्हीकडून पैसे कापले गेले तरी दावा एकच.

त्याच सुमारास २० रुपये कापलेले दिसले तर ती सुरक्षा विमा योजना, फक्त अपघाताची. घरात कोणी गेलं तर आधी पासबुक छापून आणा आणि या दोन नोंदी शोधा. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे नव्हते म्हणून विमा बंद पडला, असं फार वेळा होतं.

गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख मिळतात ना? मग वेगळा विमा कशाला?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना ही अपघाताची आहे. सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, विहिरीत पडणं, रस्ता अपघात हे त्यात येतं. हार्ट अटॅक, कॅन्सर, कावीळ येत नाही. वय १० ते ७५, खातेदार शेतकरी आणि कुटुंबातली आणखी एक व्यक्ती. हप्ता नाही. पूर्वी विमा कंपनीमार्फत पैसे यायचे, आता सरकार थेट अनुदान देतं, आणि प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. साप चावून मृत्यू झाला आणि गावात शवविच्छेदन न करताच अंत्यविधी उरकला, तर पुढे कागद जुळवताना फार त्रास होतो. त्या वेळी हे सुचत नाही, म्हणून शेजारच्या कोणाला तरी माहीत असलेलं बरं.

गृहकर्जासोबत बँकेने विमा घ्यायलाच लावला. सक्ती आहे का?

कायद्याने नाही. एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला जातो आणि त्यावर वीस वर्षं व्याज भरलं जातं. शिवाय हा गट विमा, म्हणजे वर कर. स्वतःची टर्म पॉलिसी असेल तर ती दाखवा आणि लेखी नकार द्या.

हप्ता चुकला तर?

वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत, मासिकला १५. तेवढ्या दिवसांत काही झालं तर थकलेला हप्ता वजा करून दावा मिळतो. त्यानंतर पॉलिसी बंद. साधारण ५ वर्षांपर्यंत (युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेली पॉलिसी असेल तर ३) ती पुन्हा चालू करता येते, पण तब्येतीचं नवं निवेदन द्यावं लागतं आणि पुढे सांगितलेली तीन वर्षांची मुदत पुन्हा शून्यापासून मोजली जाते.

लग्नाआधी पॉलिसी काढली, नॉमिनी वडील आहेत. बदललं नाही तर काय होईल?

सगळ्यात जास्त घरं इथे फुटतात.

नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात कंपनी पैसे देते तो. तो मालकच असेल असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या दशकातच सांगितलं की नॉमिनीने पैसे घ्यायचे ते वारसांच्या वतीने. २०१५ साली कायदा बदलला आणि आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर तेच लाभाचे हक्कदार, असं कलम आलं. पण तरीही इतर वारसांचा वारसाहक्क जात नाही, असा निकाल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने दिला. म्हणजे वाद संपलेला नाही.

आता उदाहरण बघा. मुलगा गेला. मागे आई, वडील, बायको, दोन मुलं. पॉलिसीवर नाव वडिलांचं. हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाचे वारस आई, बायको आणि मुलं. वडील त्या वर्गात येतच नाहीत. कंपनी पैसे देणार वडिलांच्या खात्यात. सून मुलांना घेऊन माहेरी गेलेली असेल, तर तिला कोर्टात जाण्यावाचून मार्ग नाही. हे सगळं एका पानाच्या फॉर्मने टळतं. लग्न झालं, मूल झालं, घटस्फोट झाला की नॉमिनी बदला. नॉमिनी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या सज्ञान व्यक्तीचं नावही द्यावं लागतं. दोन-तीन नावं टक्केवारीसह देता येतात.

धंद्यात कर्ज आहे. सावकार, बँक विम्याच्या पैशावर येतील का?

येऊ शकतात. त्यावर १८७४ सालचा एक कायदा आहे, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा, आणि तो आजही चालतो. विवाहित पुरुषाने त्याखाली पॉलिसी घेतली की ती बायको-मुलांसाठीचा न्यास होते. घेणेकऱ्यांचा आणि भाऊबंदांचा त्यावर हक्क राहत नाही. एकच वेगळा फॉर्म, जादा पैसे नाहीत. पण तो पॉलिसी घेतानाच भरावा लागतो आणि नंतर लाभार्थी बदलता येत नाही. दुकानदार, कंत्राटदार, भागीदारीत धंदा करणारे यांनी हा फॉर्म मागून घ्यावा. एजंट आपणहून क्वचितच सांगतो.

दाव्याला कोणते कागद लागतात? तलाठ्याकडची वारस नोंद चालते का?

मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी (लोक ज्याला बॉण्ड म्हणतात ती), दाव्याचा फॉर्म, नॉमिनीची ओळखपत्रं आणि बँक खात्याचा रद्द केलेला चेक. दवाखान्यात मृत्यू असेल तर केसपेपर आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा, गावात ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेच्या कार्यालयात. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. आणि दाखल्यावरचं नाव पॉलिसीवरच्या नावाशी जुळतंय का ते तिथेच बघा. 'बाळू' आणि 'बाळासाहेब' ही दोन माणसं नाहीत हे पटवायला पुढे महिने जातात.

नॉमिनी हयात असेल तर वारस प्रमाणपत्र सहसा लागत नाही. नॉमिनी नसेल, तोही गेला असेल किंवा वाद असेल तर लागतं, आणि ते दिवाणी कोर्टाचं. तलाठ्याकडची वारस नोंद सातबाऱ्यापुरती, विमा कंपनी ती धरत नाही. गोव्यातला कायदा आणखी वेगळा: तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या पद्धतीनुसार जोडीदाराचा अर्धा वाटा आधी निघतो.

बॉण्ड हरवला असेल तर नुकसानभरपाईचं बंधपत्र मुद्रांकावर करून द्यावं लागतं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० रुपयांच्या मुद्रांकावर होणारी बरीच कामं ५०० वर गेली आहेत. किती रुपयांचा हवा ते कंपनीला विचारूनच घ्या.

चौकशी लागणार नसेल तर कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत, चौकशी असेल तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा असतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज. ते न मागताही मिळायला हवं, पण मागा.

कंपनी जुनं आजारपण काढून दावा नाकारू शकते का?

पहिल्या ३ वर्षांत हो, माहिती लपवल्याचं दाखवून. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार ३ वर्षांनंतर कोणत्याही कारणाने, अगदी फसवणुकीच्या कारणानेही, पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. या कलमाच्या भरवशावर आजार लपवायला सांगणारे एजंट आहेत. तीन वर्षं जगण्याची हमी ते देत नाहीत. आत्महत्या पहिल्या १२ महिन्यांत झाली तर भरलेल्या हप्त्यांपैकी ८० टक्के किंवा सरेंडरची रक्कम, जे जास्त ते मिळतं. त्यानंतर पूर्ण दावा.

दावा नाकारला. आता?

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे इथे कार्यालयं आहेत, गोव्याचं काम मुंबईला चालतं. आपला जिल्हा कोणाकडे येतो ते लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं. ५० लाखांपर्यंतचे वाद, फी नाही, वकील लागत नाही, आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक. कंपनीच्या नकारापासून एका वर्षात जायला हवं. नुसती तक्रार नोंदवायची असेल तर 'बिमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा, त्याला २ वर्षांची मुदत. वकील पहिल्यांदा ग्राहक आयोगच सुचवतात. माझा कल लोकपालाकडे आहे, कारण निर्णय लोकपालाने तुमच्या विरोधात दिला तरी तुम्हाला पुढे आयोगात जाता येतं.

वडिलांच्या कपाटात जुनी पॉलिसी सापडली. हप्ते मधेच थांबलेले आहेत. काही मिळेल का?

रद्दीत टाकू नका. जुन्या पॉलिसीवर तीन वर्षांचे हप्ते भरलेले असतील तर बहुधा ती 'पेड-अप' झालेली असते, म्हणजे कमी केलेली विमा रक्कम मुदतीअखेर किंवा मृत्यूनंतर देय असते. पॉलिसी क्रमांक घेऊन ज्या शाखेचा शिक्का आहे तिथे जा. शाखा बंद झाली असली तरी काम जवळच्या शाखेकडे गेलेलं असतं. क्रमांकही वाचता येत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बेवारस रकमांचा शोध असतो, तिथे नाव, जन्मतारीख, पॅन टाकून बघता येतं. १० वर्षं कोणी न मागितलेले पैसे ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात, पण तिथूनही पुढची २५ वर्षं मागता येतात, आणि अर्ज करायचा तो कंपनीकडेच.